परदेशी तेल आणि डायमंड हार्बरचा रस्ता

कलकत्त्याला जाऊन आले म्हटलं की लोक काली मंदिराबद्दल विचारतात, रसगुल्ल्यांबद्दल विचारतात. आमच्या दुकानात मात्र वेगळाच प्रश्न येतो, "वहिनी, ते परदेशी तेल खरंच चांगलं असतं का हो?" नाशिकला आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सकाळचा गल्ला मी सांभाळते, संध्याकाळचा हे. कलकत्त्यात काय झालं ते मी इतक्यांदा तोंडी सांगितलंय की आता एकदाचं लिहूनच काढते.

सुधा ही माझी मावसबहीण. लग्नासाठी ती कलकत्त्याला गेली आणि तिकडचीच झाली. लग्नही तिकडेच झालं होतं, त्या वेळी माझी प्रकृती बरी नव्हती म्हणून मला जाता आलं नव्हतं. तेव्हापासून "ये, ये" चाललं होतं. गेल्या हिवाळ्यात ह्यांनीच तिकीट काढून हातात ठेवलं. "दुकान मी बघतो, तू जा," म्हणाले.

भवानीपूर

हावड्याला वसंतराव, म्हणजे सुधाचे यजमान, घ्यायला आले होते. गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत त्यांची नोकरी आहे. जन्म कलकत्त्याचा, शाळा कलकत्त्याची, पण मराठी आपल्यासारखंच. फक्त घाईत असले की "अरे बाबा" ऐवजी "ओ बाबा" निघतं. पुलावर हातगाड्या, ट्रामा, बस आणि डोक्यावर ओझी घेतलेली माणसं असा सगळा लोंढा एकाच वेळी पुढे सरकत होता. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत नव्हता, तो खिडकीतून हात काढून दारावर थापा मारत होता. तेवढ्यावर लोक बाजूला होत होते.

घर भवानीपूरला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, लाल सिमेंटची गार जमीन. दारात सुधाचे सासरे उभे होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तरुणपणी रत्नागिरीकडून ते कलकत्त्याला आले आणि बंदराच्या खात्यात लागले. हुगळी नदीत गाळ साचून वाळूचे दांडे तयार होतात आणि ते जागा बदलत राहतात. त्यांच्यावरच्या पाण्याची खोली मोजून जहाजांना वाट ठरवून देणाऱ्या लोकांमध्ये तात्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊनही ते बोलताना नदीचं नाव घेत नाहीत, नुसतं "ती" म्हणतात. "ती आज चढलीय." "ती त्या वर्षी फार वाईट वागली."

दुसरं प्रेम खाली गॅरेजमध्ये होतं. काळी विलायती गाडी, स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. तात्यांनी मला चहा संपायच्या आत खाली नेलं. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "मालतीबाई, तुम्ही ह्या धंद्यातल्या. ऐका जरा." वसंतरावांनी गाडी सुरू केली. आवाज वयाच्या मानाने उत्तम होता. मी तसं म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

"चाळीस नंबरचं घट्ट तेल, आणि वेळच्या वेळी बदल. दुसरं काही नाही," ते म्हणाले.

पण गाडी ते चालवत नव्हते. आदल्या वर्षी हाजरा रोडवर एका हातगाडीला त्यांचा धक्का लागला होता. कुणाला इजा झाली नाही, पण वसंतरावांनी किल्ली स्वतःकडे घेतली. त्यावरून बापलेकांत जे बिनसलं ते बिनसलंच. जेवताना दोघं शेजारी बसत आणि सुधाच्या मार्फत बोलत. "सुधा, ह्यांना विचार, भात हवा का." "सुधा, त्याला सांग, मला हात आहेत." पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी सुधाचा चेहरा बघून हसू थांबलं.

घोषालबाबूंचे डबे

तळमजल्यावर घोषालबाबू राहतात. परदेशी जाणाऱ्या जहाजांवर ते इंजिनिअर आहेत. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मग एकदम लांब रजा. रजेत ते दोनच कामं करतात, बाजारातून मासळी आणणं आणि लोकांना इंजिनाबद्दल सांगणं. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. "मग तुम्ही कलकत्त्याला कशासाठी आलात?" त्यांनी हिंदीत विचारलं.

त्यांच्या बायकोने मग माझ्यासाठी खसखशीची भाजी पाठवली. आपण खसखस चिमटीने घालतो, अनारशाला लावतो. तिकडे वाटीवाटीने वाटतात आणि त्यात बटाटा शिजवतात. वरून कच्चं मोहरीचं तेल. पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या आल्या, तिसऱ्या घासानंतर मी वाटी पुढे केली. तसाच त्यांचा खजुराचा नवा गूळ. तो हिवाळ्यातच मिळतो. आपल्या उसाच्या गुळाला असा धुराचा वास नसतो. पोळीशी तो खाणारं त्या इमारतीत आमचंच घर.

घोषालबाबूंनी ह्या खेपेला अमेरिकेतून तेलाचे डबे आणले होते. मोटारीच्या इंजिनाचं तेल, पण आपलं नेहमीचं नव्हे. जमिनीतून निघालेलं तेल गाळून, शुद्ध करून आपण वापरतो. हे कारखान्यात रसायनांपासून जुळवून केलेलं. सिंथेटिक म्हणतात. दुकानात एका विक्रेत्याकडून मी नाव ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डबा उघडून बशीत थोडं ओतलं. मधासारखा रंग, आणि पातळ. मी दोन बोटांमध्ये घेऊन चोळलं. पातळ असूनही बोटं एकमेकांवरून गुळगुळीत सरकत होती.

"उन्हात हे पातळ होऊन पाण्यासारखं होत नाही, थंडीत गोठत नाही," घोषालबाबू सांगत होते. "इंजिन आतून स्वच्छ ठेवतं. आणि तुमच्या तेलाच्या दोन-तीन पट अंतर चालतं. तिकडे किंमत जास्त आहे, पण लोक घेतात."

वसंतरावांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्याला कारण होतं. तात्यांना एकदा डायमंड हार्बरला जायचं होतं. तिथे हुगळी समुद्राएवढी रुंद होते आणि तिथूनच पुढे त्यांचं सगळं काम चाले. त्यांनी सुधाजवळ दोनदा विषय काढला होता. वसंतरावांना मात्र धास्ती होती की एवढ्या लांब रस्त्याला जुनं इंजिन तापेल. आता त्यांना उपाय सापडला. घोषालबाबूंनी अर्धे डबे त्यांना भेटच दिले.

संध्याकाळी वीज गेली. त्या दिवसांत रोजच जाई. कंदिलाच्या उजेडात बैठक बसली.

"मालूताई, तुम्ही सांगा. घालावं का?" वसंतरावांनी विचारलं.

तात्या माझ्या आधी बोलले, आणि सुधाच्या मार्फत नव्हे. "वसंता, किल्ली घेतलीस. आता तिचं तेलही बदलणार?"

"तात्या, जगातलं सगळ्यात चांगलं तेल आहे. तुमच्या गाडीसाठीच म्हणतोय ना मी?"

"तिला इतकी वर्षं एका तेलाची सवय आहे."

"इंजिनाला सवय नसते!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी दुकानात जसं सांगते तसं सांगितलं. तेल चांगलं दिसतंय. पण गाडी जुनी आहे, तिच्या इंजिनाच्या मागच्या बाजूला तेल अडवणारं सील कसं आहे ते कुणी पाहिलेलं नाही. आधी मेकॅनिककडे तपासून घ्या. एवढं बोलून मी पुढे असंही म्हटलं की घालून पाहण्यात मला रस आहे. तेही खरंच होतं. असा डबा समोर आला आणि तो वापरून बघू नये, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला जमत नाही.

वसंतरावांनी माझं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. शनिवारी जुनं तेल काढलं, नवं घातलं. तात्या वरच्या खिडकीत बसून राहिले. खाली आले नाहीत.

इंजिन सुरू झालं तेव्हा फरक मला लगेच कळला. वरचा जो टकटक आवाज होता तो जवळजवळ नाहीसा झाला. आम्ही एस्प्लनेडपर्यंत फेरी मारून आलो. तिकडे जमिनीखालच्या रेल्वेसाठी रस्ता खणायला घेतलेला, मातीचे ढीग, फळ्यांची कुंपणं. गाड्या मुंगीच्या चालीने जात होत्या आणि आमच्या आजूबाजूला दोन टॅक्सी बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या होत्या. आमचा उष्णतेचा काटा जिथल्या तिथे. वसंतराव लहान मुलासारखे खूश झाले. सुधाला चौरंगीवर चहा, मला संत्री. दार्जिलिंगची ती संत्री नागपूरच्यापेक्षा लहान असतात, साल सैल, आणि मी हे नागपूरकरांपुढे बोलणार नाही, पण गोडीला जास्त असतात.

घरी आल्यावर सुधाने तात्यांना सांगितलं, "आवाज ऐकायला तरी या." ते आले. उभ्या गाडीजवळ मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिले.

"चांगला आहे," म्हणाले. मग म्हणाले, "उद्या जाऊ."

डायमंड हार्बर रोड

रविवारी सकाळी निघालो. पुढे वसंतराव आणि तात्या, मागे सुधा, मी आणि पुऱ्यांचा डबा. बेहाला मागे पडल्यावर शहर संपलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. इथे प्रत्येक घरापुढे तळं असतं, आपल्याकडे अंगण असतं तसं. बायका त्याच तळ्यात भांडी घासत होत्या, तिथेच बदकं, तिथेच मासे. भाताची कापणी झालेली, पेंढ्यांचे गोल ढीग रचलेले. आमच्याकडच्या डोंगरांची सवय असलेल्या माझ्या नजरेला थांबायला जागाच मिळेना. कुठेही बघा, जमीन सपाट आणि वर आभाळ.

आमतला गाव गेलं आणि थोड्या वेळाने मला वास आला. गरम तेलाचा. काही बोलायच्या आत इंजिन एकदम वर ओरडलं आणि गाडी मात्र हळू झाली. वसंतरावांनी पाय आणखी दाबला. आवाज वाढला, वेग वाढला नाही.

"क्लच घसरतोय," मी म्हटलं. "बाजूला घ्या."

गाडी एका पिंपळाखाली थांबली. आम्ही खाली वाकून बघितलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथून तेलाची धार नव्हे, पण थेंबामागून थेंब पडत होता. मागचं सील. पातळ तेलाला वाट सापडली होती आणि ते क्लचच्या चकतीवर गेलं होतं. तेलकट चकती पकड घेत नाही, इंजिन नुसतं फिरत राहतं.

वसंतराव रस्त्याच्या कडेला मटकन बसले. मला वाटलं, आता तात्या बोलणार. बोलायला त्यांच्याजवळ भरपूर होतं. ते फक्त म्हणाले, "कलकत्ता लांब राहिलं का?"

"अर्धी वाट झालीय," सुधा म्हणाली.

"मग पुढेच जाऊ. मालतीबाई, काही करता येईल का?"

करता येण्यासारखं एक होतं. आमच्याकडे घाटात ट्रकवाले करतात ते मी पाहिलेलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. पायाखालचा गालिचा उचलला की क्लचच्या घरावर एक छोटं झाकण असतं. ते काढून आत पेट्रोलची पिचकारी मारायची, कुणीतरी क्लच दाबून धरायचा, कुणीतरी पुढून हँडल मारून इंजिन फिरवायचं. चकती धुऊन निघते. मग वाळू द्यायची. कायमचा उपाय नाही, पण घरी पोचवतो.

मी पदर खोचला आणि पुढच्या सीटखाली डोकं घातलं. वसंतराव हँडलवर. सुधा पेट्रोलची कुपी भरून देत होती. क्लच दाबायला माणूस एकच उरला. तात्या वर्षभराने स्टिअरिंगमागे बसले.

"दाबा," मी म्हणे. "सोडा. दाबा."

एव्हाना भोवती गाव जमलं होतं. बाई गाडीत डोकं घालून काम करतेय आणि बाप्या बाहेर घाम पुसतोय, हा देखावा त्यांनी पाहिला नसावा. एकाने बिडी काढली तेव्हा सुधा बंगालीत अशी काही कडाडली की गर्दी दहा पावलं मागे गेली. माझ्या कानाशी एका बाईचा आवाज आला, "दिदी, आपनि गाडी शारान?" ताई, तुम्ही गाडी दुरुस्त करता? मी सीटखालूनच "हाँ" म्हटलं. तिने गर्दीकडे वळून ते मोठ्यांदा सांगितलं.

चकती वाळेपर्यंत ती बाई आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. मातीची शेणाने सारवलेली ओसरी, पुढे तळं. तिने मुढी दिली. आपल्या कुरमुऱ्यांसारखीच, पण जाड, आणि त्यात मोहरीचं तेल, हिरवी मिरची, ओल्या खोबऱ्याचे तुकडे. माझ्या हाताला पेट्रोलचा वास येत होता म्हणून तिने स्वतःच्या हाताने माझ्या ओंजळीत राखेची चिमूट ठेवली आणि तळ्यावर नेऊन हात घासायला लावले. नाव विचारलं तर म्हणाली, शेफाली. नवरा शहरात कामाला, महिन्यातून एकदा येतो. तात्यांशी ती खूप वेळ बोलली. तिच्या सासऱ्यांची नदीवर होडी होती आणि तात्यांना त्यांचा घाट ठाऊक होता.

वसंतराव तेवढ्यात एका ट्रकवाल्याबरोबर आमतल्याला जाऊन घट्ट तेलाचा डबा घेऊन आले. तेच, चाळीस नंबरचं. गळून गेलेल्या तेलाच्या जागी ते भरलं. दोन तेलं एकत्र चालतील का हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण कोरड्या इंजिनापेक्षा मिसळलेलं बरं, एवढं मला कळत होतं.

तात्यांनी पुन्हा स्टिअरिंगमागे बसून गाडी सुरू केली, गिअर टाकला. क्लचने पकड घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तात्या अजून स्टिअरिंगमागेच होते. वसंतराव दाराशी उभे राहिले. मला वाटतं, त्या क्षणी तात्या "मी चालवतो" म्हणाले असते तर वसंतरावांनी हो म्हटलं असतं. पण तात्या खाली उतरले. मुलाच्या दंडाला धरून म्हणाले, "अर्धा क्लच ठेवू नकोस. एकतर दाब, नाहीतर सोड." आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

नदी

डायमंड हार्बरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. जुन्या किल्ल्याच्या पडक्या विटा, त्यांच्यापुढे उतरता काठ, आणि मग ती. मी गोदाकाठची. रामकुंडावर उभं राहिलं की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जाते. इथे पलीकडचा काठ म्हणजे एक निळसर रेघ होती, आणि तीही आहे की नाही अशी शंका येत होती.

आम्ही विटांवर बसून पुऱ्या खाल्ल्या. तात्या हाताने दाखवत होते. त्या बाजूला अमका दांडा, तो दर पावसाळ्यात सरकतो. तिथे एक जहाज रुतलं होतं, भरतीची वाट बघत राहिलं. मी त्यांना एवढं बोलताना प्रथमच पाहत होते.

तेवढ्यात भोंगा वाजला. समुद्राकडून एक मोठं मालवाहू जहाज वर येत होतं. लाल पोट, पांढरा मजला, डेकवर माणसं हिंडताना दिसत होती. ते आमच्यापासून फार लांबही नव्हतं. तात्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कुठलं आहे?" त्यांनी विचारलं.

"निशाण बघा ना," वसंतराव म्हणाले. "तुम्हाला तर सगळी पाठ आहेत."

तात्या बघत राहिले. जहाज पुढे सरकलं तरी त्यांची मान तिथेच होती.

"तात्या," वसंतरावांचा आवाज बदलला, "तुम्हाला ते दिसत नाहीये का?"

"थोडं धुरकट आहे आज."

धुकं मुळीच नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं. सुधाने माझा हात घट्ट धरला. घरी सगळ्यांना वाटत होतं की डावा डोळा जरा अधू आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढलाय हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. घर पाठ, जिना पाठ, गाडी पाठ. नदीसुद्धा ते पाठच सांगत होते. त्यांच्या एका मित्राचा शस्त्रक्रियेत डोळा गेला होता, त्यामुळे हा विषय त्यांनी स्वतःशीच मिटवून टाकला होता.

वसंतराव त्यांच्याजवळ सरकून बसले. "पोट लाल आहे," ते म्हणाले. "वर पांढरं. निशाणावर तीन उभे पट्टे. बोजा भरपूर असणार, पाण्यात खोल बसलंय."

"किती खोल? बोज्याची रेघ दिसते?"

"रेघ पाण्याखाली गेलीय."

"मग भरती पुरी व्हायच्या आत त्याला पुढचा दांडा ओलांडता यायचा नाही," तात्या म्हणाले. "बघ, वेग कमी करील."

जहाजाने खरंच वेग कमी केला. आम्ही सगळे बघत होतो. एकटे तात्या खाली मान घालून बसले होते.

परत येताना क्लच पुन्हा एकदा घसरला, बेहालाच्या अलीकडे. आता सगळ्यांना आपापलं काम ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव कचेरीला निघाले तेव्हा तात्यांनी त्यांना थांबवलं. "डॉक्टर कोण चांगला आहे, बघून ठेव," म्हणाले. "जहाज दिसलं नाही, हे काही बरं नाही."

तेलाचं काय झालं

गाडी कालीघाटच्या एका गॅरेजात दिली. तिथे तेल काढलं तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले. शनिवारी मधासारखं घातलेलं तेल काजळासारखं काळं होऊन बाहेर आलं. तळाला गाळाचे कण. घोषालबाबूंचं म्हणणं खोटं नव्हतं, तेलाने इंजिन आतून साफ केलं होतं. अडचण अशी की त्या गाडीत इतक्या वर्षांचा जो चिकट गाळ बसला होता, त्यानेच झिजलेल्या सीलची फट बुजवून धरली होती. तेलाने गाळ काढला, फट उघडी पडली. तेल पातळ, ते निघालं बाहेर. तेलात दोष नव्हता, तात्यांनी गाडी सांभाळली नाही असंही नव्हतं. दोघांची गाठ चुकीच्या वेळी पडली.

नवं सील बसवलं, क्लचची चकती बदलली आणि घट्ट तेल घातलं. उरलेले डबे घोषालबाबूंनी आपल्या गाडीत वापरले. त्यांची गाडी दोन वर्षांची, सगळी जोडणी घट्ट. मी निघेपर्यंत रोज त्यांची गाडी बघत होते. खाली एक थेंब नाही. सकाळी पहिल्याच झटक्याला सुरू, आणि एस्प्लनेडच्या खणलेल्या रस्त्यात तासभर रखडूनही काटा वर गेला नाही.

म्हणून आता दुकानात कुणी विचारलं तर मी सरळ सांगते. गाडी नवी असेल, लांबचे प्रवास असतील, उन्हात तास न् तास रखडावं लागत असेल, आणि असं तेल मिळत असेल, तर जास्तीची किंमत वाया जात नाही. जुनी गाडी असेल तर आधी सील बदला, नाहीतर आपलं नेहमीचं तेल वेळेवर बदलत राहा. आणि जास्त दिवस चालतं म्हणून आपल्या धुळीच्या रस्त्यांवर ते तिप्पट अंतर चालवू नका. तेल टिकेल, पण गाळणी तेवढी टिकत नाही. घोषालबाबूंना हे शेवटचं पटलं नाही. त्यांच्या जहाजावर धूळ नसते.

इस्पितळ

माझं परतीचं तिकीट मी पुढे ढकललं. सुधाला एकटीला घर आणि इस्पितळ झेपलं नसतं. ह्यांना तार केली. "राहा" एवढंच उत्तर आलं.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर माणसाला किती निश्चल पडावं लागतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, वाकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. दुपारी वसंतराव कचेरीत असत तेव्हा मी तात्यांजवळ बसे.

"मालतीबाई, काहीतरी सांगा," ते म्हणत. "पण हसवू नका."

मी त्यांना दुकानातलं सांगे. एक गिऱ्हाईक कसं दर महिन्याला पंख्याचा पट्टा परत आणतं, घाटात गाड्या कशा तापतात. त्यांना आमच्या घाटांचं फार कुतूहल होतं. कलकत्त्यात सगळ्यात मोठा चढ म्हणजे हावड्याच्या पुलाचा, असं ते म्हणत. एकदा त्यांनी विचारलं, "आवाज छान झाला होता ना गाडीचा, त्या नव्या तेलाने?" मी हो म्हटलं. "मलाही आवडला होता," ते म्हणाले. "वसंताला तेव्हा नुसतं चांगला आहे म्हटलं, मनापासून सांगितलं नाही."

"सांगा की."

"सांगेन. पट्टी निघू दे."

एका रात्री त्यांना ताप चढला. सकाळपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसून होतो. वसंतराव सारखे उठून दारापर्यंत जात आणि परत येत. "शस्त्रक्रियेची घाई मीच केली," ते म्हणत होते. "डोळा गेला तर?" उजाडता उजाडता ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा त्याच्याशी संबंध नाही, सर्दीचा ताप होता.

पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा ओढला, हलक्या हाताने कापूस बाजूला केला आणि मग एक जाड भिंग डोळ्यासमोर धरलं. चष्मा पुढे मिळायचा होता. तात्यांनी पापणी दोनदा उघडझाप केली. डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यांनी आधी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"केस पांढरे झालेत तुझे," ते म्हणाले.

वसंतरावांनी केसांवरून हात फिरवला.

तात्यांनी हळूच भिंगासकट नजर माझ्याकडे आणली आणि कपाळाला आठ्या घातल्या. सुधाला विचारलं, "ह्या बाई कोण?"

"तात्या! मालूताई नाही का ही!"

त्यांनी मला खालून वर आणि वरून खाली निरखलं. मी सुधाच्या खांद्याला जेमतेम लागते.

"अहो, तुमच्या आवाजावरून मी तुम्हाला चांगल्या उंच आणि दणकट समजत होतो!" तात्या म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. ते स्वतःही हसले, आणि डॉक्टर त्यांच्यावर ओरडले.